पट्टी पुरली नाही

मार्च २०१४, महिन्यातला शेवटचा शनिवार, पाडवा दोन दिवसांवर. ठिकाण: सिंगापूर, पुंगोल, दादाचा फ्लॅट, जेवणाचं टेबल. हजर: दादा, मृणालवहिनी, त्यांची आठ वर्षांची इरा, बुकित तिमाहहून आलेले सातपुते आणि मी. गैरहजर: आई आणि बाबा, मुक्काम गंगटोक, पुण्याहून निघालेल्या ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीबरोबर. कुठलीही गोष्ट सांगायला घेताना मी आधी अशी हजेरी घेते. कोण कुठे होतं हे एकदा पक्कं झालं की बाकीचं आपापल्या जागी बसतं, असा माझा अनुभव आहे. ही गोष्ट मात्र अजून पुरती बसलेली नाही.

तेव्हा मी चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत कामाला लागले होते आणि दादाकडे तिसऱ्या बेडरूममध्ये राहत होते. अर्धी खोली माझी, अर्धी वहिनीच्या इस्त्रीच्या कपड्यांची. खिडकीखालून एलआरटीचा, म्हणजे तिथल्या छोट्या रेल्वेचा, दोन डब्यांचा खेळण्यातला गाडा जायचा, त्याची बारीक शिट्टीसारखी घरघर दिवसभर चालू असायची, आणि दुपारी तीनच्या सुमाराला एकदा आभाळ गडगडायचं. आमच्याकडे हवामान म्हणून जे काही होतं ते एवढंच. बारा महिने एकच उकाडा, एकच सर, एकाच जाडीचे कपडे. दादा म्हणायचा, इथे ऋतू दोनच, एसीच्या आतला आणि एसीच्या बाहेरचा. घरात मी धाकटी. पगार मिळवत होते, ऑफिसात बारा माणसांचं वेळापत्रक लावत होते, पण घरी मला कुणी काही विचारत नसे. भाजी कोणती करायची हेसुद्धा नाही. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. न विचारलं जाण्यात एक सुख असतं, ते नंतर कळतं.

हवामानाचा नाद घरात आणला तो वहिनीने. ती एका जहाज कंपनीत अकाउंट्स बघायची, आणि वादळामुळे जहाज वळवलं की किती इंधन जास्त जळलं याचा हिशेब तिच्याकडे यायचा. हिशेब तपासता तपासता ती वादळांचे नकाशे बघायला लागली, आणि मग नकाशेच बघायला लागली. सातपुते तिला असेच कुठल्यातरी मंडळाच्या गणपतीत भेटले. पन्नाशीचे, बँकेत जोखमीच्या विभागात, कॉन्डोच्या बाल्कनीत वारा मोजायची चक्री लावलेली. मॅनेजमेंटने ती दोनदा काढायला लावली होती आणि त्यांनी तिसऱ्यांदा बसवली होती. या दोघांनी व्हॉट्सअ‍ॅपवर 'हवापाणी' नावाचा गट काढला, त्यात हळूहळू आणखी सात-आठ जण आले, आणि घरात राहते म्हणून मीही. विषुववृत्तावर बसलेली ही सगळी माणसं बर्फासाठी वेडी होती. कॅनडातलं हिमवादळ, जपानमधलं, हिमालयातलं. जिथे आपलं कुणी नाही तिथल्या बर्फाचं तर फारच कौतुक. गटातल्या निम्म्या लोकांनी बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिला होता.

यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मोठ्या हवामान केंद्रांचे संगणक दिवसातून चार वेळा नव्याने गणित मांडतात आणि पुढच्या काही दिवसांचे नकाशे काढतात. त्या एकेका गणिताला आम्ही 'रन' म्हणायचो. सिंगापुरात एक रन सकाळच्या चहाला यायचा, एक जेवणाच्या सुट्टीत, एक संध्याकाळी ऑफिस सुटताना, आणि चौथा सगळे झोपल्यावर, तो आम्ही मोजणीत धरत नसू. प्रत्येक रन आधीच्यापेक्षा थोडा वेगळा. सकाळी ज्या डोंगरावर जांभळा रंग, म्हणजे भरपूर बर्फ, तो दुपारी कोरा. म्हणून वहिनीने नियम केला होता: एकामागोमाग तीन रन एकसारखे आले तरच घरच्यांना सांगायचं. त्याआधी गटात काय बोलायचं ते बोला, भारतात फोन करायचा नाही. हा नियम एका साखरपुड्यातून आला होता. वहिनीने एका रनवरून पुण्यात गारपीट सांगितली, तिच्या मावसबहिणीने लॉन सोडून ऐन वेळी बेसमेंटमधला हॉल घेतला, आणि त्या संध्याकाळी पुण्यात इतकी सुरेख हवा पडली की मावशी अजून भेटली की आधी आकाशाकडे बघते आणि मग वहिनीकडे. तेव्हापासून तीन म्हणजे तीन.

बाबा या गटाचे पुणे प्रतिनिधी होते. वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस. नियम, वेळ आणि नोंद या तीन गोष्टींवर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. दादाने त्यांना फोन घेऊन दिला आणि ते रोज सकाळी कोथरूडच्या गॅलरीतून ढगाचा फोटो टाकायला लागले, खाली तापमान. सिक्कीमची सहल ठरली तेव्हा गटाला इतका आनंद झाला की जणू सगळेच निघाले होते. सातपुत्यांनी त्यांना खास निरोप दिला: काका, छांगू तलावाला बर्फ असेलच, एक फूटपट्टी घेऊन जा, खोचा आणि फोटो पाठवा. आपल्या गटाचं पहिलं स्वतःचं मोजमाप होईल. बाबांनी लगेच अप्पा बळवंत चौकातून स्टीलची पट्टी आणली आणि दोरी बांधून बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली. आईने काय तयारी केली ते कुणी विचारलं नाही. ते मला फार नंतर कळलं. तिने दिवाळीपासून स्वतःसाठी एक निळी लोकरीची टोपी विणायला घेतली होती, शेजारच्या कुलकर्णीबाईंकडून बूट मागून आणले होते, आणि घरातल्या घरात ते घालून चालायची सवय करत होती.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना माहीत होती. दोन वर्षांपूर्वी बाबांची अँजिओप्लास्टी झाली होती. डॉक्टरांनी सहलीला हो म्हटलं ते एका अटीवर: सकाळची आणि रात्रीची गोळी चुकता कामा नये. ती अट त्यांनी बाबांना सांगितली नाही, आईला सांगितली. आमच्याकडे तशीच पद्धत. गोळ्यांचा डबा आईच्या पर्समध्ये, आणि बाबांनी नुसता तळहात पुढे करायचा.

तर त्या शनिवारी सकाळी चहाच्या वेळी रन आला आणि ईशान्येच्या कोपऱ्यात, गंगटोकच्या वर, रविवार दुपारसाठी गडद जांभळा ठिपका होता. रविवारी सकाळी सहलीची माणसं जीपमधून छांगू तलावाला जाणार होती. वहिनीने ठिपक्यावर बोट ठेवलं. मी फोन उचलला तेव्हा म्हणाली, एकच रन आहे शुभा, दुपारचा बघू. दुपारचा आला तेव्हा सातपुते पोचले होते, टेबलावर थालीपीठ होतं आणि खालच्या हॉकर सेंटरमधून, खाण्याच्या गाळ्यांमधून, पिशवीत आणलेली कॉफी होती, आणि नकाशा स्वच्छ. ढग भूतानकडे सरकले होते. मी चार थालीपिठं खाल्ली. सातपुत्यांचा चेहरा पडला, कारण काकांच्या पट्टीला आता काही मिळणार नव्हतं. इराने विचारलं, "आजी कॅन सी स्नो ऑर नॉट?" आणि सातपुते म्हणाले, नॉट, बाळा, बॅड लक.

संध्याकाळचा रन आला आणि जांभळा परत आला, सकाळपेक्षा मोठा.

नियमाने काही सांगायचं नव्हतं. पहिला हो, दुसरा नाही, तिसरा हो. वहिनीच्या हिशेबाने मोजणी पुन्हा एकपासून सुरू. तिचं म्हणणं मला आजही चुकीचं वाटत नाही. पण मला बसवेना. वहिनी सिंकपाशी होती, मी बेडरूममध्ये जाऊन फोन लावला. तिकडे दुपार होती. मागे भांडी वाजत होती, कुणीतरी मोठ्याने हसत होतं. सहलीबरोबर स्वतःचे आचारी होते, पुण्याहून निघालेले, आणि गंगटोकच्या हॉटेलातही साबुदाणा वडे तळले जात होते.

मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सलग तीन आले का?"

"नाही. पहिला आणि तिसरा."

"मग मधला काय रजेवर होता?"

"बाबा, मी चेष्टा करत नाहीये."

"मीही नाही. नियम तुमचाच. तीन नाहीत म्हणजे काहीच नाही. उद्या तीन झाले तर परवा जाणार नाही, बस? आणि सातपुत्यांना सांग, पट्टी घेतली आहे."

मग ते म्हणाले, हिच्याशी बोल, आणि फोन आईकडे दिला. मी तिला तेच सगळं पुन्हा सांगितलं, पण नकाशे आणि रन वगळून. वर हवा बिघडू शकते, थंडी फार असेल, तुझा गुडघा, तुझा श्वास. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, "तू काय म्हणतेस?"

हे माझ्यासाठी नवीन होतं. माझ्या आठवणीत आईने मला असा प्रश्न कधी विचारला नव्हता. विचारायचा तो दादाला, नाहीतर बाबांना. मी म्हटलं, तू जाऊ नकोस, बाबांनाही थांबव. मग ती म्हणाली, "ते थांबायचे नाहीत. मी थांबते." आणि फोन ठेवला. मला हायसं वाटलं. दोनातलं एक काम झालं, असं मी मनाशी म्हटलं. मी तशीच आहे. अर्धं झालेलं काम मला अर्धं मिळालेलं वाटतं.

रविवारी सकाळी जीप निघाल्याचा बाबांचा मेसेज आला, बरोबर फोटो. जीपच्या काचेत त्यांचा हात आणि हातात पट्टी. वर फोन लागत नाही हे सहलीच्या मॅनेजरने, केतन नावाच्या मुलाने, आधीच सगळ्यांना सांगितलं होतं. सकाळच्या चहाचा रन तोवर आला होता: जांभळा. म्हणजे सलग दोन. दुपारचा आला, आणखी गडद. सलग तीन. नियम पूर्ण झाला होता आणि सांगण्यासारखं कुणी फोनवर नव्हतं.

सातपुते त्या दिवशीही आले होते. खरंतर बर्फ साजरा करायला म्हणून आधीच ठरलं होतं, आणि ते येताना आइस काचांग घेऊन आले होते, किसलेल्या बर्फावर लाल-हिरवा पाक घातलेला, तो रस्त्यातच अर्धा वितळलेला. कुणी त्याला हात लावला नाही. वहिनीने लॅपटॉपवर उपग्रहाचं चित्र उघडलं. डोंगरांवर पांढरी थाळी उपडी घातल्यासारखा ढग बसला होता, कडा अगदी कोरलेल्या. सातपुते पुढे वाकले आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, "काय सुंदर बांधणी आहे."

दादा एरवी आमच्या या नादात पडत नसे. तो चहा करायचा आणि टोमणे मारायचा. त्याने गॅस बंद केला आणि म्हणाला, "सातपुते, त्याच्या आत माझा बाप आहे."

सातपुते परत खुर्चीला टेकले. नंतर संध्याकाळपर्यंत ते बसून होते. घरी जा असं त्यांना कुणी म्हणालं नाही, आणि ते स्वतःहूनही उठले नाहीत. दुपारचं गडगडलं, आमच्याकडची रोजची सर आली, खाली मुलं ओरडत लिफ्टकडे पळाली. इराने वितळलेलं लाल पाणी स्ट्रॉने प्यायला सुरुवात केली आणि वहिनी तिच्यावर कारण नसताना ओरडली.

परतायची वेळ उलटून गेल्यावर आईचा फोन आला. जीप आल्या नव्हत्या. हॉटेलवाला म्हणत होता, वर बर्फ पडतोय, रस्ता बंद केलाय, खाली नुसता पाऊस आहे. आईचा आवाज नेहमीसारखा होता, एखाद्या नातेवाइकाच्या गाडीला उशीर झाल्यासारखा. मी भराभर कामाला लागले. हॉटेलचा नंबर, केतनच्या पुण्याच्या ऑफिसचा नंबर, वर जायच्या परमिटसाठी ज्या कचेरीत नावं दिली होती तिचा नंबर. दादाला एक फोन, वहिनीला एक, मला एक. पुण्याच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली, मॅडम, असं होतं कधीकधी, सैन्याची माणसं सांभाळतात, काळजी करू नका. कचेरीत कुणी उचललं नाही. मी आईला परत फोन लावला आणि विचारायच्या गोष्टी एकेक विचारल्या. बाबांकडे स्वेटर कोणता, मोजे किती, खायला काही बरोबर दिलंय का. ती उत्तरं देत होती. मग मी विचारलं, रात्रीची गोळी?

तेवढ्यात मला तिचा श्वास ऐकू आला.

"शुभा," ती म्हणाली, "गोळ्या माझ्या पर्समध्ये आहेत."

सकाळी अंधारात जीप निघाली, घाईत नाश्त्याच्या टेबलावर तिने सकाळची गोळी त्यांच्या हातावर ठेवली, त्यांनी गिळली, आणि रात्री परत हात पुढे करायला ते समोर असणारच होते. पस्तीस वर्षं ते एकमेकांना सोडून असे कुठे गेलेच नव्हते. डबा त्यांच्याकडे द्यावा हे तिला सुचलं नाही आणि मागावा हे त्यांना. मीही सुचवलं नव्हतं, कारण माझ्या डोळ्यांसमोर आई खाली सुरक्षित आहे एवढंच चित्र होतं.

त्या भीतीबद्दल मी नंतर बराच विचार केला आहे. एरवीची भीती माणसाला काहीतरी करायला लावते. मी तर भीती वाटली की आधी पेन शोधते. ही तशी नव्हती. हातात तीन फोन होते, भिंतीवर नंबर चिकटवलेले होते, आणि डोंगर तिथेच होता, पांढरा. एलआरटी दर काही मिनिटांनी घरघरत जात होती, ती इतकी रिकामी आणि उजेडाने भरलेली की बघवेना. वहिनी संध्याकाळचा रन उघडायला गेली आणि तिने लॅपटॉप न उघडताच बाजूला सरकवला. म्हणाली, बघून काय करू. या बाईने नकाशा बघायचा टाळलेला मी पहिल्यांदाच पाहिला, आणि सगळ्यांत जास्त भीती मला तेव्हा वाटली.

सातपुत्यांनी निघताना चपला घालता घालता मला एवढंच विचारलं, मी पट्टी सांगितली नसती तर काका थांबले असते का? मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं, आजही नाही.

ती रात्र आईने कशी काढली ते तिने पुढे तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. हॉटेलच्या खोलीत तिला बसवेना, म्हणून ती खाली स्वयंपाकघरात गेली. आचारी पाडव्याच्या श्रीखंडाचा चक्का फेटत होते, सगळ्या सहलीला पुरेल एवढा, आणि खायला मोजून तीन माणसं हॉटेलात: आई, एक पाय मुरगळलेले काका आणि आचाऱ्यांचा मदतनीस धरला तर तो. मुख्य आचारी तिला म्हणाला, काकू, आता टाकून थोडंच देता येतं, उद्या येतीलच सगळे. आईने पदर खोचला आणि जायफळ उगाळायला बसली. तिने इतकं जायफळ उगाळलं की आचाऱ्याने शेवटी सहाण तिच्या हातातून काढून घेतली. डोक्यावर ती निळी टोपी होती. बर्फासाठी विणलेली टोपी तिने गॅसच्या भट्टीशेजारी बसून घातली होती, कारण, तिने सांगितलं, थंडी आतून वाजत होती.

सोमवारी पाडवा. मी ऑफिसला रजा टाकली. वहिनीने कपडे वाळवायच्या बांबूंमधला एक धुऊन पुसून घेतला, त्याला खण बांधला, वर तांब्या उपडा घातला, टेक्क्याच्या भारतीय भाजीबाजारातून आणलेला कडुनिंब आणि पुण्याहून आलेली गाठी बांधली, आणि ती गुढी खिडकीशी उभी केली. नेहमी बाबांचा फोन यायचा, गुढी उभारली का, मुहूर्त टळतोय. त्या दिवशी तो आला नाही. आम्ही तिघांनी कडुनिंबाची चटणी खाल्ली आणि कुणी तोंड वाकडं केलं नाही. इराने आपली वाटी तशीच ठेवून विचारलं, आजोबा व्हेअर? दादा तिला उचलून खाली पार्कमध्ये घेऊन गेला.

दुपारच्या रनची वेळ होती, पण कुणी लॅपटॉपपाशी नव्हतं, तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर. बाबा. घसा बसलेला, पण आवाजात अशी काही मजा की मला आधी वाटलं दुसराच कुणी आहे. सगळे ठीक होते. बर्फ अचानक आला, जीप एकामागे एक अडकल्या, जवान आले आणि म्हाताऱ्यांना हाताला धरून बराकीत घेऊन गेले. गरम पाणी, खिचडी, घोंगड्या. गोळी चुकल्याचं त्यांनी तिथल्या डॉक्टरला सांगितलं, त्याने तपासलं, रात्रभर दोनदा येऊन बघून गेला. कुणीतरी भजन म्हटलं, कुणीतरी जुन्या ऑफिसच्या गोष्टी सांगितल्या. मग ते म्हणाले, "सातपुत्यांना सांग, पट्टी पुरली नाही. पूर्ण आत गेली, दोरीच तेवढी वर."

वहिनीने फोन माझ्या हातातून घेतला, तिच्या हाताला चटणीचा वास होता. सातपुत्यांना तिने लिहिलं तेव्हा त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं, काका उतरले ना? मोजमापाबद्दल त्यांनी पुन्हा कधीच विचारलं नाही.

आई त्या दिवशी फोनवर आली नाही. संध्याकाळी हॉटेलवर उतरल्यावर बाबांनी पुन्हा फोन केला तेव्हा म्हणाले, झोपली आहे. दोन दिवसांनी सहल दार्जिलिंगला पोचल्यावर तिने स्वतःहून फोन केला. मी सवयीप्रमाणे सगळं नीट झालं ना, गोळ्या वेळेवर चालू आहेत ना, असं विचारत गेले. ती म्हणाली, हो, सगळं चालू आहे. मग अगदी हळू तिने जे सांगितलं ते मी शब्दशः लिहिते, कारण त्यात बदल करायचा मला अधिकार नाही.

"तू बरोबर सांगितलंस. वर फार वाईट होतं, माझा गुडघा टिकला नसता. पण शुभा, हे तिकडे तीस माणसांत होते आणि मी इकडे एकटी होते. पुढच्या वेळी दोघांना सांग, नाहीतर कुणालाच सांगू नकोस. एकाला वाचवायचं नसतं."

मी म्हटलं, आई, मी दोघांनाही सांगितलं होतं. ती म्हणाली, हो, पण ऐकणारी मीच होते ना.

आता चाळिशी ओलांडल्यावर, बारा माणसांच्या जागी ऐंशी माणसांचं वेळापत्रक लावताना, मला तिचं म्हणणं तेव्हापेक्षा जास्त समजतं आणि तरी पटत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा फोन करीन आणि जो ऐकेल त्याला थांबवीन. पण त्यानंतर वहिनीने गटातला तीन रनचा नियम काढून टाकला. त्याच्या जागी दुसरा आला नाही. आता ज्याला भीती वाटेल त्याने फोन करायचा, मग लॉन गेलं तरी चालेल. मावशी अजूनही आकाशाकडे बघते.

बाबा पुढे सहा वर्षांनी गेले, झोपेत, पुण्याच्या घरी, रात्रीची गोळी घेऊन. स्टीलची पट्टी माझ्याकडे आली. तिच्या टोकाच्या भोकात ती दोरी अजून आहे, तिला लोकरीचा एक निळा धागा गुंतलेला आहे. दोन्ही एकाच बॅगेत होते म्हणून असेल.

आईने आजवर बर्फ पाहिलेला नाही. त्या सहलीत ती परत वर गेली नाही आणि नंतर बाबांना उंचीवर जायची बंदी झाली. माझ्या कामांच्या यादीत ही ओळ इतकी जुनी आहे की मी यादी नव्या फोनमध्ये उतरवते तेव्हा ती आपोआप सगळ्यांत वर येते. दर मार्चमध्ये मी नकाशे उघडते. मनाली बघते, गुलमर्ग बघते, जमिनीवर बर्फ आणि वर स्वच्छ आकाश असे चार दिवस शोधते. तसे मिळतात. मागच्या वर्षी अगदी हवे तसे मिळाले होते, सलग तीन रन, एकही जांभळा ठिपका नाही. मी लगेच पुण्याला फोन केला, विमान, हॉटेल, व्हीलचेअर, सगळं विचारून ठेवलं होतं.

आईने सगळं ऐकून घेतलं. टोपी कपाटात आहे, म्हणाली, डांबराच्या गोळ्या बदलते दर वर्षी. मग म्हणाली, "येते की. पण तू ते नकाशे न बघता तिकिटं काढणार असशील तर."

मी म्हटलं, बरं. फोन ठेवला आणि विमान कंपनीचं पान उघडलं. तारीख निवडायची होती. मी नुसती बसून राहिले, शेजारच्या खिडकीत नकाशा उघडाच होता, आणि तो मला बंद करता येईना.

तिकिटं अजून काढायची आहेत.